पत्ता: वसंत घड्याळवाला, शिळफाटा

पोशीर सोडलं त्या सकाळी आई मला निरोप द्यायला अंगणापर्यंतही आली नाही. तिला येताच आलं नाही. ओटीवरच्या बाजेवर माझा धाकटा भाऊ वसंत पडलेला होता. त्याचा उजवा गुडघा सुजून मांडीपेक्षा जाड झाला होता, आणि आई माठातल्या पाण्यात फडकं भिजवून त्यावर घालत होती. फडकं तापलं की काढायचं, भिजवायचं, पिळायचं, पुन्हा घालायचं. तीन दिवस हेच चाललं होतं. मी पाया पडायला वाकले तेव्हाही तिनं एकच हात माझ्या डोक्यावर ठेवला. दुसरा गुडघ्यावरून उचलला नाही.

"बाय, ह्याचं रगत का थांबत नाय ते शिकून ये," ती म्हणाली. "बाकी काय शिकली नाय तरी चालंल."

वसंत तेव्हा अकरा वर्षांचा होता. दुखण्यानं त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण तो म्हणाला, "ताय, पत्र टाक गं. आयेला मी वाचून दाखवीन."

भात झोडायचे दिवस होते. खळ्याखळ्यांवर माणसं कामाला लागली होती. बा माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होता आणि मी मागे. असेच आम्ही नेरळ स्टेशनपर्यंत गेलो. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. गावातली पहिलीच मुलगी, त्यातून आमच्या वस्तीतली. गाडी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "परत यायची घाई करू नको." तेव्हा मला ते वाक्य कोरडं वाटलं. ते बोलायला त्याला किती जड गेलं असेल, हे कळायला मला स्वतःला दोनदा घर सोडावं लागलं.

हे सगळं आता लिहायचं कारण एका आजारी मुलाच्या आईनं विचारलेला प्रश्न. मागच्या खेपेला खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर तिनं मला सरळच विचारलं, "ताय, तुमी तिकडं कशा गेल्या, आन् मास्तर इकडं कसं ऱ्हायलं?" मास्तर म्हणजे आमचा वसंत, घड्याळांचा कारागीर. तिला मी हसून काहीतरी सांगितलं. खरं उत्तर लांब आहे. ते तिच्यासाठी लिहिते आहे, आणि आपल्या भागातून परदेशी इस्पितळांत गेलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठीही, कारण आपण आपल्या जाण्याच्या गोष्टी फार सांगतो आणि मागे राहिलेल्यांनी काय केलं ते दोन ओळींत उरकतो.

आईच्या माहेरी पुरुष टिकत नसत. तिचा थोरला भाऊ दाढ काढल्यावर गेला. मधला आंब्यावरून पडला. वरून कुठं खरचटलंही नव्हतं, पण पोट फुगत गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. लोक म्हणायचे, घराण्यावर देवीचा कोप आहे. मग वसंत झाला. तो रांगायला लागल्यावर त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर निळेकाळे डाग उठायला लागले. शेजारणी कुजबुजायच्या, आई पोराला मारते. आईनं हेही ऐकून घेतलं. कुणीतरी कोंबडं द्यायला सांगितलं, तेव्हा बा म्हणाला, "छप्पन साली धम्म घेतला तवाच कोंबडं सोडलं. आता काय असंल ते दवाखान्यात." पण दवाखान्यातही कुणाला काही ठाऊक नव्हतं. तेव्हा उरला तो हाडवैद्य. तो तेल लावून सुजलेला सांधा चोळायला सांगायचा, आणि आई जीव ओतून चोळायची.

मुंबईला गेल्यावर सातव्या की आठव्या महिन्यात आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरनी फळ्यावर एक शब्द लिहिला: हिमोफिलिया. जेमतेम दहा मिनिटांचा धडा. रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासून कमी असतो. आईकडून येतो, मुलग्यांना होतो. कापल्या-खरचटल्याची एवढी भीती नसते. खरा रक्तस्राव आत होतो, सांध्यांत, स्नायूंत, डोक्यात. मी लिहीत होते आणि माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. सिस्टरनी तास संपल्यावर मला थांबवलं आणि विचारलं, "घरी कोण आहे?" त्यांनी मला बसवून सगळं पुन्हा, हळूहळू सांगितलं. मग म्हणाल्या, "आज रात्रीची वाट बघू नकोस. आत्ताच पत्र लिही."

मी पोस्टकार्डावर लिहिलं: सांधा चोळू नका. तेल लावू नका. पाय उशीवर उंच ठेवा, हलवू नका, गार ठेवा. दात काढू नका. दंडात सुई देऊ देऊ नका. हा कोप नाही, आजार आहे, त्याला नाव आहे.

ते कार्ड वसंतानं आईला वाचून दाखवलं. पुढे कधीतरी त्यानं मला सांगितलं की 'चोळू नका' हे ऐकल्यावर आई उठली, हात धुतले, आणि दोन दिवस जेवली नाही. "इतकी वरसं मीच त्याला दुखवीत व्हते," एवढंच म्हणत राहिली. ते कार्ड पाठवलं याचा मला आनंदच आहे, पण आईचे ते दोन दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

वसंताचं उत्तर आठ दिवसांत आलं. त्यात सगळे प्रश्नच होते. मी सायकल चालवू का? पोहलं तर चालेल का? रक्त यायला लागलंय हे सूज यायच्या आधी कळतं का? मला आत मुंग्या आल्यासारखं होतं, तेच असेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तेच. पण हे आम्हाला पुस्तकात मिळत नाही. तुझ्या भावाला सांग, नीट लिहून ठेव." वसंतानं त्यासाठी एक शाळेची वही घेतली. तीच पहिली वही.

तो सतरा वर्षांचा असताना त्याच्या कुल्ह्याच्या स्नायूत रक्त उतरलं आणि त्याला मुंबईला आणावं लागलं. मी तोवर स्टाफ नर्स झाले होते. ताज्या रक्ताचा प्लाझ्मा हवा होता. मी दंड पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "बहिणीचं नको. तुझ्यातही तो घटक कमी असू शकतो." रक्ताचं नातं म्हणतात ते हेच, आणि नेमकं तेच रक्त भावाला चालेना. त्या दिवशी मी आणि वसंत दोघांनाही एक गोष्ट कळली, की या आजारात घरची माणसं पुरत नाहीत. परकी माणसं आपली करावी लागतात. मी ते समजून गप्प बसले. वसंतानं त्यावर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

सहा आठवडे तो वॉर्डात पडून होता. तिथून तो बघायचा: खेड्यातून आलेले आईबाप पोर कडेवर घेऊन व्हरांड्यात उभे असायचे, केसपेपर कुठं काढायचा, रक्तपेढी कुठल्या मजल्यावर, काही ठाऊक नसायचं. तो पडल्या पडल्या त्यांना हाक मारायचा, कुठल्या गावचे ते विचारायचा आणि रस्ता सांगायचा. घरी परतला तेव्हा त्याच्या वहीत खोपोली, चौक आणि कर्जतकडची तीन घरं लिहिलेली होती. स्वतःला बरं वाटल्यावर त्यांना भेटायला यायचं त्यानं कबूल केलं होतं. आणि तो तिन्ही घरी जाऊन आला.

दवाखाना हाताशी हवा म्हणून तेव्हाच बानं खोपोलीच्या एका कारखान्यात काम धरलं आणि घर हललं. आईनं भाताचं शेत चुलत्याच्या हवाली केलं. माझ्या जाण्याचं गावात कौतुक झालं होतं. पोशीर ते खोपोली या जाण्याला कुणी जाणं म्हटलंही नाही. पण शेतात वाढलेली बाई चाळीशी उलटल्यावर कारखान्याच्या भोंग्यावर उठायला शिकली, सिमेंटच्या खोलीत राहायला शिकली, हे माझ्या इंग्लंडला जाण्यापेक्षा सोपं नव्हतं. वसंत एका म्हाताऱ्या कारागिराकडे घड्याळदुरुस्ती शिकला. बसून करायचं काम, हलका हात लागणारं. दोन वर्षांनी त्यानं शिळफाट्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेला, एक टपरीवजा दुकान टाकलं. दुकानाची जागा त्यानं घड्याळांचा विचार करून निवडली नव्हती. मुंबईहून येणारी एसटी, घाट उतरणारे ट्रक, वाड्यांवरून बाजाराला येणारी माणसं, सगळे त्या फाट्यावरून जायचे. निरोप पोचायचा तर तिथूनच पोचणार होता.

माझं लग्न एकदा ठरत आलं होतं. मी त्या लोकांना वसंताच्या आजाराबद्दल सांगितलं, माझ्याकडून तो पुढे जाऊ शकतो हेही सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत. मी फार रडले नाही, पण मुंबईत मन रमेना. तेव्हा इंग्लंडमधली इस्पितळं आपल्याकडच्या नर्सेस घेत होती. मी अर्ज केला आणि नेमणूक आल्यावर आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "मला इचारशील तर जाऊ नको म्हनंन. म्हनून इचारू नको." मग तिनं माझ्या बॅगेत भाजलेल्या तिळाची चटणी भरली आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

लेस्टरमधले पहिले दोन हिवाळे कसे गेले ते लिहीत बसत नाही. गेलेल्या सगळ्यांना ते माहीत आहेत. काही वर्षांनी तिथल्या इस्पितळात हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र क्लिनिक निघालं आणि मी तिथली सिस्टर झाले. माझं काम औषध देण्यापुरतं नव्हतं. कोण कुठं राहतो, कुणाचा कुठला सांधा कमजोर आहे, कुणाला दंतवैद्याकडे जायचंय, कुणाची शाळा त्याला खेळाच्या तासाला घेत नाही, हे सगळं एका रजिस्टरमध्ये ठेवायचं आणि डॉक्टर, शाळा, फिजिओ, घर या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं. सत्तरच्या दशकात फॅक्टरची, म्हणजे रक्तात कमी असलेल्या त्या घटकाची, पावडर आली. छोट्या बाटलीत पांढरी पावडर, त्यात पाणी घालायचं, शिरेत घ्यायची. माणसं घरच्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवायची आणि स्वतःच टोचून घेऊन कामाला जायची. ग्रॅहम नावाचा एक रुग्ण वाचनालयात कामाला होता. लहानपणची निम्मी वर्षं त्यानं अंथरुणात काढली होती, आणि आता तो सुट्टीत डोंगर चढून यायचा आणि मला फोटो दाखवायचा. मला वाटायचं, हेच वसंताला मिळालं पाहिजे.

वसंताला मी हे सगळं लिहायची. तो हेवा करायचा नाही. तो विचारायचा, "रजिस्टरात रकाने कुठले ठेवता?"

मग त्यानं त्याची रीत बसवली. घड्याळांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून तो कार्डं करायचा. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, मी पाठवलेल्या मजकुरावरून: 'मला रक्तस्रावाचा जन्मजात आजार आहे. दंडात सुई देऊ नका. दात काढू नका. ॲस्पिरिन देऊ नका. डोक्याला मार लागला असेल तर वाट पाहू नका. पत्ता: वसंत घड्याळवाला, शिळफाटा.' कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत शिवून दोऱ्यानं गळ्यात. कारखान्यांच्या तीन पाळ्यांमधल्या कामगारांचे रक्तगट त्याच्या वहीत होते. गरज पडली की त्यातले कुणी ना कुणी मुंबईला जाऊन रक्त देऊन यायचे. मुंबईच्या रक्तपेढीत प्लाझ्म्यातून काढलेला, रक्त थांबवणारा, गोठवलेला भाग तयार होऊ लागल्यावर एसटीचे ड्रायव्हर बर्फ आणि मीठ भरलेल्या थर्मासातून त्याच्या पिशव्या आणायचे आणि खोपोलीचे एक डॉक्टर त्या लावायचे. ड्रायव्हरांची घड्याळं वसंत आधी दुरुस्त करून द्यायचा, एवढाच काय तो व्यवहार.

या वहीत चौदावं की पंधरावं नाव होतं काळूचं. घाटातल्या डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतली त्याची आई बुधीबाई त्याला पाठीवर बांधून खाली आणायची. ती नेहमी उशिरा पोचायची आणि डॉक्टर तिला बोलायचे. वसंतानं एक दिवस दुकान बंद केलं आणि वाडी बघायला निघाला. त्याचा उजवा गुडघा तोवर कायमचा आखडला होता. निम्मी वाट तो काठीनं चढला, उरलेली वाट वाडीतल्या दोघांनी त्याला झोळीत घालून नेलं. परत आल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "डागदर, तिला परत बोलू नका. चार तास लागत्यात. मी मोजल्यात." आणि बुधीबाईला त्यानं तिथंच सांगून ठेवलं होतं, की डोक्याला लागलं तर जखम दिसो न दिसो, त्याच पावली निघायचं.

ऐंशीनंतर एका रजेत मी फॅक्टरच्या सहा बाटल्या घेऊन आले. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. ग्रॅहमनं आपली गार राहणारी पिशवी दिली आणि बाटल्या त्यात नीट बसवूनही दिल्या. "तुझ्या भावाला सांग, यानं डोंगर चढता येतो," तो म्हणाला.

मी त्या वसंतापुढे ठेवल्या. "ह्या तुझ्यासाठी."

त्यानं एक उचलून उजेडात बघितली. "किती दिवस पुरतील?"

"एका मोठ्या दुखण्याला पुरतील."

"मंग माझ्यासाठी नकोत. डागदरच्या फ्रिजात ठेवू. ज्याच्या डोक्याला लागंल त्याला."

मी चिडले. म्हणाले, इतक्या लांबून तुझ्यासाठी आणल्या, तू निदान एकदा सरळ गुडघ्यानं चालून बघ. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताय, वहीत सगळी एकाच रेघेवर हायत. मी माझं नाव वर घेतलं तर उद्या मला कोन इचारंल?" आई चुलीपुढे बसून ऐकत होती. मी परत गेले ती रुसूनच गेले.

पुढच्या उन्हाळ्यात काळू करवंदं काढताना कातळावरून घसरला आणि डोकं आपटलं. रक्ताचा थेंब नव्हता. पण बुधीबाई त्याच पावली निघाली. खाली पोचेपर्यंत पोराला उलट्या होत होत्या आणि तो डोळे उघडत नव्हता. खोपोलीच्या डॉक्टरांनी फ्रिजमधल्या सहाही बाटल्या त्याला दिल्या आणि टेंपोतून मुंबईला धाडलं. काळू वाचला. वसंताचं पत्र आलं, त्यात शेवटी लिहिलं होतं, 'ताय, तुझ्या बाटल्यांनी पोर वाचलं.' मी ते पत्र क्लिनिकमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. ग्रॅहमनं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं क्लिनिकमधली माणसं आजारी पडायला लागली. हजारो लोकांच्या रक्तातून एकत्र करून ती पावडर बनत होती, आणि त्यात एड्सचा विषाणू आला होता. मी स्वतः, माझ्या हातानं, हसत हसत, त्या बाटल्या माणसांना दिल्या होत्या. 'घरी ठेवा, दुखायला लागलं की लगेच घ्या,' हे माझंच वाक्य. आणि सहा बाटल्या मी शिळफाट्याला नेल्या होत्या.

मी वसंताला तार केली, आता फॅक्टरच्या बाटल्या कुठूनही आल्या तरी वापरू नकोस. मागोमाग पत्र लिहिलं. त्यात सगळं सांगितलं, आणि शेवटी हेही लिहिलं की बुधीबाईला इतक्यात काही सांगू नकोस, उगाच घाबरेल, मी काहीतरी बघते. खरं कारण घाबरणं हे नव्हतं. तिच्यासमोर उभं राहायची मला हिंमत नव्हती.

वसंताचं उत्तर चार ओळींचं होतं. 'मी तिला डोक्याचं सांगितलं, तिनं ऐकलं, म्हणून पोर वाचलं. आता हे लपवलं तर पुढचं माझं कुणी ऐकू नये. रक्त तपासायची सोय तुझ्याकडे आहे. तू ये. माघ पौर्णिमेपर्यंत आली नाहीस तर मी एकटा जाईन.'

मी गेले. आमच्या डॉक्टरांनी काळूचं रक्त आमच्याच प्रयोगशाळेत तपासायचं कबूल केलं होतं. खोपोलीच्या डॉक्टरांकडून नळ्या घेतल्या आणि आम्ही भावंडं सकाळीच वाडीच्या वाटेला लागलो. वसंत या वेळी झोळीत बसायला तयार नव्हता. "सांगायला जातोय, पाव्हणा म्हणून नाय," असं म्हणाला. पण अर्ध्या वाटेवर त्याचा घोटा भरून आला, तेव्हा वाडीतून उतरलेल्या माणसांनी त्याला विचारलं नाही, उचलूनच घेतलं.

बुधीबाई अंगण सारवत होती. काळू शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर होता. तिथूनही त्याच्या गळ्यातली कार्डाची पिशवी दिसत होती. आम्हाला दोघांना बघून ती घाईनं हात धुऊन आली.

वसंत म्हणाला, "बुधीबाय, बस. ताय काय सांगतेय ते सगळं आयकून घे."

मी सुरुवात केली. विषाणू, संसर्गाची शक्यता, तपासणी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मग वसंताकडे. मला वाटलं तो माझ्या मदतीला येईल. तो आला नाही. "ताय, साधं सांग," म्हणाला.

मग मी साधं सांगितलं. "बुधीबाई, मी आणलेलं ते औषध खराब असू शकतं. त्यातून काळूला मोठा आजार लागला असेल. लागलाय की नाही ते मला अजून माहीत नाही. आणताना मला हे ठाऊक नव्हतं. पण आणलं मी."

तिनं उतारावरच्या काळूकडे एकदा बघितलं. मग तिनं विचारलं, "त्या दिशी दिलं नसतं तर?"

"तर काळू बहुतेक वाचला नसता."

"मंग आता काय करायचं?"

"त्याचं थोडं रक्त तपासायला घेऊन जाते. कळलं की कळवते. जे असेल ते."

तिनं काळूला हाक मारली, त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी समजावलं आणि त्याला मांडीशी धरून बसली. मी रक्त काढलं. वसंतानं टोचल्या जागी बोट दाबून धरलं आणि घड्याळ लावून पुरती वीस मिनिटं सोडलं नाही. त्या वेळात बुधीबाई मला म्हणाली, "तुमी येवढं सांगाया इमानातून आल्या?" मी हो म्हणाले. "कोन येतंय," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

उतरताना मी वसंताला विचारलं, तू माझ्या मदतीला का आला नाहीस. तो झोळीतून म्हणाला, "मी बोललो असतो तर मास्तरनं सांगितलं झालं असतं. आनलं तू व्हतं. तिनं तुला बघाया पाहिजे व्हतं." माझा हा भाऊ जेमतेम आठवी शिकला. मी तीन इस्पितळांत, दोन देशांत शिकले. रुग्णाला वाईट बातमी कशी द्यायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी त्या उतारावर शिकले.

खोपोलीच्या खोलीत आई वाट बघत होती. बा तोवर गेला होता. आईनं दोघांची तोंडं बघितली आणि ताटं वाढली. जेवताना म्हणाली, "बाय, तू आली ते बरं झालं." एवढ्या वर्षांत तिनं मला आल्याबद्दल बरं म्हटलं होतं ते पहिल्यांदा.

दोन दिवसांनी मी गार पिशवीत काळूच्या रक्ताच्या नळ्या घेऊन निघाले. फाट्यापर्यंत सोडायला वसंत आला. त्यानं मला विचारलं, "तुझ्या तिकडच्या लोकांना सांगितलंस?" मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. गाडी येईपर्यंत तो काठीवर भार देऊन उभा होता, आणि मला समजलं की त्याचं बोलून झालं आहे.

काळूचा निकाल आला, त्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. मी तीनदा वाचलं. लॅबमधल्या माणसाला पुन्हा विचारलं. मग पोस्टात जाऊन तार केली: काळूचं रक्त स्वच्छ आहे. त्या सहा बाटल्या चांगल्या निघाल्या, याचं श्रेय कुणालाच नाही, मला तर नाहीच. वसंतानं ती तार वाडीवर नेऊन वाचून दाखवली. बुधीबाईनं ती मागून घेतली आणि काळूच्या कार्डाच्या पिशवीत घातली.

त्याच आठवड्यात आमच्या क्लिनिकमधल्या लोकांचे निकालही आले. आमच्या डॉक्टरांनी पत्रं पाठवायची ठरवली होती. मी त्यांना सांगितलं की पत्रं नकोत, मी बसून सांगेन, प्रत्येकाला. ते म्हणाले, तुला झेपेल का. मी म्हणाले, माहीत नाही.

ग्रॅहमला मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. आधी त्याला बसायला लावलं, आणि साधं सांगितलं. औषध मी दिलं होतं हेही सांगितलं. तो उठला, खिडकी लावली आणि परत येऊन बसला. नंतर म्हणाला, "तुझ्या भावाकडच्या त्या मुलाचं काय झालं? मी बांधून दिलेल्या बाटल्यांचं?"

"तो ठीक आहे," मी म्हणाले. "त्याला काही नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा म्हणाला. त्यानंतर तो रडला आणि मीही त्याच्याजवळ बसून राहिले.

तो गेल्या वर्षी गेला. त्याच्यासारखे आणखी काही गेले, काही अजून आहेत, आणि मी अजून त्याच क्लिनिकमध्ये आहे. मधे एकदा नोकरी सोडून कायमची शिळफाट्याला यायचं मी ठरवलं होतं. वसंतानं लिहिलं, 'इकडचं मी बघतो. तिकडचे तुझे आहेत.' तोच बरोबर होता.

पूर्वी मला कुणी घर कुठं असं विचारलं की मी पोशीर सांगायची. आता तिथं आमचं कुणी नाही. चुलत्यानं ओटी काढून खोली बांधली आहे. लेस्टरमधल्या माझ्या फ्लॅटला मी आजही फ्लॅटच म्हणते. पण ज्या माणसांना वाईट बातमी पत्रानं कळवून चालत नाही, जिथं ती घेऊन आपणच जावं लागतं, तिथं आपण घरचे झालेलो असतो, एवढं मला समजलं आहे. असे काही दरवाजे लेस्टरमध्ये आहेत. एक खोपोलीत आहे, आई अजून त्यात बसलेली असते. आणि एक घाटातल्या डोंगरावरच्या वाडीवर आहे, जिथं पोचायला चार तास लागतात.